झाकणांचं शीड आणि आपलं कापड

आजचा भाग म्हणजे खरं तर एक दुरुस्ती आहे.

काही महिन्यांपूर्वी मी भारतीय कापडाच्या व्यापारावर बोललो होतो. मलमल, छीट, खंबायत, सुरत, मच्छलीपट्टणम, आणि एकूण सूर असा की बघा, आपलं कापड अख्ख्या जगाला हवं होतं. तुमचे मेसेजही तसेच आले. अभिमान वाटला, बाबांना पाठवला, शाळेत हे का शिकवत नाहीत, वगैरे. त्या भागातली माहिती खोटी नव्हती. फक्त ‘जगाला हवं होतं’ एवढं म्हणून मी पुढे सरकलो होतो. कुणाला हवं होतं, आणि ते घेऊन तो पुढे काय करायचा, हे मी विचारलंच नाही. तो प्रश्न मला पडला लंडनमध्ये, एका बंद पडलेल्या वीजकेंद्रात, दारूच्या बाटल्यांच्या झाकणांसमोर उभा असताना. गोष्ट जरा लांबून सुरू करावी लागेल, सांभाळून घ्या.

एप्रिल २०२४. ऑफिसच्या कामासाठी मी दोन आठवडे तिकडे होतो. १३ तारखेचा शनिवार मोकळा मिळाला. टेट मॉडर्न या म्युझियममध्ये एल अनात्सुई या घानाच्या कलाकाराचं ‘बिहाइंड द रेड मून’ नावाचं काम ऑक्टोबरपासून लागलेलं होतं आणि दुसरा दिवस त्याचा शेवटचा होता. जाण्याचं कारण फार थोर नव्हतं. प्रवेश फुकट होता आणि रील्समध्ये ते भारी दिसत होतं. भलामोठा लाल पडदा, खाली मुंगीएवढी माणसं, वर कुठलं तरी गाणं. अशा चार-पाच रील्स बघून मी ते मनातल्या ‘डेकोरेशन’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकून दिलं होतं. मोठं आहे, चमकतं, छान आहे. विषय संपला.

टेट मॉडर्नची इमारत म्हणजे थेम्सच्या काठावरचं बँकसाइड वीजकेंद्र. १९८१ मध्ये ते बंद पडलं, २००० मध्ये तिथे म्युझियम सुरू झालं. जिथे टर्बाइनं होती तो हॉल मात्र त्यांनी मोकळाच ठेवलाय. लांबी १५५ मीटर, रुंदी २३, उंची ३५. आता ३५ मीटर हा आकडा ऐकून काही होत नाही. दहा-अकरा मजली इमारत डोळ्यांसमोर आणा, तिचे सगळे मजले आतून काढून टाका आणि तळाशी उभे राहून वर बघा. तेवढं.

पश्चिमेच्या दारातून शिरलं की लांबलचक उतार लागतो. आणि समोर छतातून लटकलेलं ते शीड. शीडच म्हणायचं, कारण वाऱ्याने फुगल्यासारखं त्याने पोट काढलेलं असतं. अंगावर लाल चंद्र. घड्या पडलेल्या, कडा ओघळलेल्या, आणि लांबून बघताना इतकं मऊ की कुणीतरी धुऊन वाळत घातलंय असं वाटावं. मी चालत राहिलो. थोड्या अंतरावर त्या कापडात ठिपके दिसायला लागले. आणखी पुढे ठिपक्यांना कडा आल्या. पार जवळ जाऊन मान वर केली तेव्हा कळलं की यात धागा कुठेच नाही. सगळी ॲल्युमिनियमची झाकणं. दारूच्या बाटल्यांची झाकणं आणि झाकणाखाली बाटलीच्या गळ्याला असते ती पातळ पट्टी. हजारो. एकमेकांना तांब्याच्या तारेने बांधलेली.

मला हे आधी माहीत होतं, बरं का. रीलच्या कॅप्शनमध्ये लिहिलेलंच होतं. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या पायांनी चालत जाऊन कापडाचं झाकण होताना बघणं वेगळं. फोनवर तुम्ही एकतर लांबचा फोटो बघता किंवा जवळचा. मधलं चालणं फोटोत येत नाही.

हे बनतं कसं ते सांगतो, कारण मला त्यातच जास्त रस होता. झाकण कापून, ठोकून चपटं करायचं. काही पट्ट्या होतात, काही चौकोन, काहींची गोल कडी वळायची, काही चुरगळायची. कडेला टोच्याने भोकं पाडायची आणि तार ओवून एकाला एक जोडत जायचं. असे छोटे छोटे तुकडे तयार होतात. मग ते जमिनीवर पसरायचे, सरकवायचे, बदलायचे, आणि रचना पटली की एकमेकांना जोडायचे. हे काम नायजेरियातल्या न्सुक्का गावातल्या स्टुडिओत आणि आता घानातल्या तेमामध्येही चालतं, आणि एकट्याचं नाही. डझनावारी माणसं बसून हाताने करतात. भिंतीवरच्या पाटीवर नाव मात्र एकाचं असतं. यावर तुमचं जे काही मत असेल ते असो, पण एवढ्या उंचीचा पडदा खालून बघताना प्रत्येक सांध्याशी कुणाचं तरी बोट होतं हा विचार डोक्यातून जात नाही.

गंमत म्हणजे काम पूर्ण झालं तरी त्याचा आकार ठरलेला नसतो. घडी घालून ते खोक्यात जातं, आणि पुढच्या शहरात लावणाऱ्यांनी त्याला कशा वळ्या पाडायच्या, कुठे उचलायचं, कुठे सोडायचं, ही मोकळीक अनात्सुई बऱ्याचदा त्यांनाच देतात. एकच काम दोन ठिकाणी दोन प्रकारे लटकतं. आमच्या धंद्यात असं डिप्लॉयमेंट कुणी केलं तर दुसऱ्या दिवशी मीटिंग लागेल.

तर हे अनात्सुई कोण? जन्म १९४४, गाव अन्याको, तेव्हाचं गोल्ड कोस्ट, म्हणजे ब्रिटिशांच्या ताब्यातलं आजचं घाना. समाज एवे. वडील मासेमार आणि विणकर, भाऊही विणायचे. काय विणायचे, तर केंटे.

केंटे हा शब्द तुम्ही ऐकला नसेल तरी ते कापड पाहिलेलं असणार. पिवळ्या-हिरव्या-लाल चौकटींचं, अमेरिकेतली कृष्णवर्णीय मुलं पदवीदानाच्या वेळी गळ्यात घालतात ते. मूळचं ते अशांती आणि एवे विणकरांचं. माग अरुंद असतो, त्यावर जेमतेम चार बोटं रुंदीची लांब पट्टी निघते. अशा वीसेक पट्ट्या कडेला कड लावून शिवल्या की एका पुरुषाने अंगावर घ्यायचं कापड होतं. म्हणजे मोठं कापड विणतच नाहीत, लहान लहान जोडून मोठं करतात. झाकणांच्या पडद्याकडे बघून हे आठवलं की दोन्हींतलं नातं आपोआप कळतं. अनात्सुई स्वतः मागावर बसायला शिकले नाहीत, तरी.

केंटेच्या इतिहासातली एक नोंद मला फार आवडते. १७३० च्या दशकात अशांतीचा राजा होता ओपोकू वारे. त्याच्या दरबाराबद्दल डॅनिश व्यापाऱ्यांनी लिहून ठेवलंय की युरोपियनांकडून आलेलं रेशमी कापड तो विकत घ्यायचा आणि आपल्या विणकरांकडून ते उसवून घ्यायचा. विणलेलं कापड उसवून धागे सुटे करायचे, आणि त्या धाग्यांनी आपल्या मागावर आपलं कापड विणायचं. आलेला माल जसाच्या तसा अंगावर घ्यायचा नाही. त्याचे तुकडे करायचे आणि आपल्या पद्धतीने पुन्हा जोडायचे. १९९८ मध्ये न्सुक्काच्या आसपास अनात्सुईंना टाकून दिलेल्या झाकणांची एक पिशवी सापडली. काही काळ ती नुसती पडून होती. नंतर त्यांनी जे केलं ते ओपोकू वारेच्या विणकरांच्या घराण्यातलंच म्हणायला हवं.

तोवर ते काही नवशिके नव्हते. कुमासीला कला शिकले, तीही ब्रिटिश वळणाचा अभ्यासक्रम घोकून. घाना १९५७ लाच स्वतंत्र झालं होतं, पण अभ्यासक्रमाला ते कुणी कळवलं नसावं. हे आपल्यालाही ओळखीचं आहे. बाहेर पडल्यावर त्यांनी बाजारातल्या बायका माल मांडायला वापरतात ते लाकडी गोल ट्रे घेतले आणि तापल्या लोखंडाने त्यांवर खुणा उठवल्या. १९७५ पासून न्सुक्काच्या विद्यापीठात शिकवलं. फुटक्या मडक्यांची मालिका केली, पुढे करवतीच्या मशीनने लाकडं चिरली. झाकणं आली तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे. सुरुवातीच्या झाकणकापडांपैकी ‘मॅन्स क्लॉथ’ आणि ‘वुमन्स क्लॉथ’ ही दोन ब्रिटिश म्युझियमने घेतली. २००७ मध्ये व्हेनिसमध्ये एका जुन्या राजवाड्याची दर्शनी बाजूच त्यांनी झाकून टाकली, आणि २०१५ मध्ये व्हेनिस बिएनालेने त्यांना जीवनगौरवाचा गोल्डन लायन दिला.

सगळ्या बातम्यांत एक शब्द हटकून येतो, रिसायकलिंग. कचऱ्यातून कला. मला तो शब्द आता खटकतो, आणि त्यांनाही तो फारसा पटत नाही. कारण मुद्दा कचऱ्याचा असता तर प्लास्टिकही चाललं असतं. त्यांनी दारूचीच झाकणं धरून ठेवली. का?

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर युरोपियन जहाजं आली ती आधी सोन्यासाठी. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला. हळूहळू सोन्याची जागा माणसांनी घेतली. जहाजांतून येणाऱ्या मालात दारू होती. ब्रँडी, जिन, आणि रम. रम कशाची? मळीची. मळी कसली? कॅरिबियन बेटांवरच्या उसाची. ऊस कोण तोडायचं? याच किनाऱ्यावरून नेलेली माणसं. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये मळीपासून रम गाळायची, ती रम आफ्रिकेत देऊन माणसं घ्यायची, माणसं बेटांवर विकायची, तिथून मळी घेऊन पुन्हा भट्टी. एखादं लूप कसं लिहावं तसं लिहिलेलं, आणि बाहेर पडायची अट कुणीच घातलेली नाही. पुढे स्थानिक कारखाने निघाले. अनात्सुईंची झाकणं नायजेरियातल्या अशा कारखान्यांच्या बाटल्यांची असतात. त्यांच्या जुन्या कामांत जवळून ब्रँडची नावं वाचता येतात. एक नाव ‘डार्क सेलर’. दुसरं ‘एकोमॉग’, जे पश्चिम आफ्रिकेच्या शांतिसेनेचं नाव. लांबून सोन्याचं कापड, जवळून डार्क सेलर. पाचशे वर्षं आणि वीस पावलं.

मी शिडासमोर उभा होतो आणि मनात हेच लूप फिरत होतं. मग एकदम लक्षात आलं की हे शीड आहे. जहाजाचं. आणि जहाजात दारूच्या शेजारी दुसरं काय भरलेलं असायचं, ते मला पाठ होतं, कारण मीच त्यावर भाग केला होता.

कापड.

आफ्रिकेला जाणाऱ्या मालात सगळ्यात मोठा वाटा दारूचाही नव्हता आणि बंदुकांचाही नव्हता. तो कापडाचा होता, आणि अठराव्या शतकात त्यातलं पुष्कळसं भारतातून आलेलं होतं. गुजरातचं आणि कोरोमंडल किनाऱ्याचं. ईस्ट इंडिया कंपनी ते लंडनला आणायची, तिथे लिलाव व्हायचे, आणि आफ्रिकेकडे जहाजं पाठवणारे व्यापारी ते उचलायचे. ब्रिटनच्या संसदेने १७०० मध्ये कायदा करून आशियातलं छापील आणि रंगीत सुती कापड देशात वापरण्यावर निर्बंध आणले, कारण त्यांचे विणकर ओरडत होते. हे मी त्या भागात सांगितलं होतं, मोठ्या तोऱ्यात. बघा, घाबरले! पण त्याच कायद्यात एक वाट मोकळी ठेवली होती. बाहेर पाठवायला हे कापड आणता येईल. ‘बाहेर’ म्हणजे कुठे, तर त्यात आफ्रिकेचा किनाराही आला. माझ्या नोट्समध्ये ‘रीएक्स्पोर्टला परवानगी’ अशी एक ओळ होती. मी ती वाचली होती आणि कंटाळवाणी वाटली म्हणून वगळली होती.

पुदुचेरीकडून निळीत रंगवलेलं कापड सेनेगलला जायचं. फ्रेंचांनी त्याचं नावच गिनीवरून पाडलं, गिने. तिथे ते नुसतं अंगावर घ्यायचं कापड नव्हतं, ते चलन होतं. डिंकाच्या व्यापारात भाव गिनेच्या ठाणांमध्ये ठरायचे. ठाण लहान आहे का, निळा रंग पुरेसा गडद आहे का, हे घेणारे लोक बारकाईने तपासायचे. म्हणजे तिकडचं गिऱ्हाईक काही भोळं नव्हतं. ज्यांच्या घरात पट्टीपट्टीने विणलेलं कापड होतं त्यांना कापड कळत होतंच. माणसं विकणाऱ्यांत तिथले राजे आणि दलालही होते, तेही सांगायला हवं. एका माणसाची किंमत एका वस्तूत नसायची, गाठोड्यात असायची. अमुक ठाण कापड, अमुक बंदुका, दारू, दारूगोळा, कवड्या.

कवड्यांवरून आठवलं. ‘कवडीमोल’ हा शब्द आपण किती सहज वापरतो. मालदीवच्या समुद्रातल्या त्या कवड्या भारत आणि श्रीलंकेच्या बंदरांतून जहाजाचं वजन सावरायला तळात भरून युरोपात जायच्या, आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत. तिथे त्या पैसा होत्या. त्यांनी माणसं मिळायची.

अटलांटिक पार करायला जहाजांत चढवलेल्या माणसांचा अभ्यासकांचा अंदाज सुमारे सव्वा कोटी आहे. त्यातले जवळजवळ अठरा लाख वाटेतच मेले.

मच्छलीपट्टणमच्या विणकराला यातलं काही ठाऊक असेल असं मला वाटत नाही. त्याच्यावर आगाऊ रकमेचा बोजा, वर दलालाचा तगादा. त्याला दोष द्यायला मी आलेलो नाही. दोष द्यायचाय तो मागच्या भागातल्या माझ्या त्या एका वाक्याला. ‘आपलं कापड सोन्याच्या भावात जायचं’ असं मी म्हणालो होतो. कधी कधी ते माणसांच्या भावात जात होतं.

आणि ज्या इमारतीत मी हे सगळं बघत होतो तिच्या नावातही साखर आहे. टेट म्हणजे हेन्री टेट, साखरवाला. १८५९ पासून लिव्हरपूलमध्ये साखरेच्या धंद्यात, आणि त्या पैशातून १८९७ मध्ये लंडनची पहिली टेट गॅलरी. त्याने स्वतः गुलाम ठेवले नव्हते. ब्रिटिश वसाहतींतली गुलामी त्याच्या धंद्याआधीच कायद्याने संपली होती. पण साखर हा धंदा कुणाच्या पाठीवर उभा राहिला हे लपून राहत नाही. त्या हॉलमध्ये रमच्या झाकणांचं शीड लावायचं हे काही सहज सुचलेलं नसणार.

पुढे जाऊ. शिडाच्या पुढचा भाग म्हणजे ‘द वर्ल्ड’. हवेत बरेच सुटे तुकडे लटकलेले. हे बाटलीच्या गळ्याच्या पातळ पट्ट्यांचे, जाळीसारखे, आरपार दिसणारे. नीट बघितलं तर माणसांचे आकार. कुणी वाकलेलं, कुणी पडत असल्यासारखं. एका ठरावीक जागी उभं राहिलं की हे सगळे तुकडे एकमेकांवर बसून एक गोल होतो, पृथ्वीचा. ती जागा शोधायला तिथे गर्दीच होती. मीही शोधली, फोन धरला, फोटो अगदी बरोबर आला. पूर्ण गोल. मग मागच्याला जागा द्यायला एक पाऊल डावीकडे सरकलो आणि गोल फुटला. पुन्हा माणसं झाली, लांब लांब लोंबकळणारी. फोटोत माझ्याकडे पृथ्वी आहे. ते एक पाऊल नाही.

शेवटी ‘द वॉल’. छतापासून जमिनीपर्यंत काळी भिंत, आणि पायथ्याशी झाकणांच्या लाटा. खडकावर आदळून उसळाव्यात तशा. इथे झाकणं डोळ्यांच्या पातळीला येतात, म्हणून मी इथे सगळ्यात जास्त वेळ थांबलो. बरेच लोक समोरून फोटो काढून वळत होते. मीही वळणार होतो. एक बाई, साठीच्या आसपासच्या, नातवाला घेऊन भिंतीच्या मागून आल्या आणि मला सहज म्हणाल्या, मागे जाऊन आलास का? गेलो. मागची बाजू वेगळीच आहे. चंदेरी जाळी, आणि तिच्यावर रंगीत तुकड्यांची नक्षी. ती काळी भिंत मागून काळी नाहीच.

बाई मूळच्या अक्राच्या निघाल्या. मला तोपर्यंत इतिहासाचा चांगलाच जोर चढलेला होता, त्यामुळे मी त्यांना दारू, रम, गुलामगिरी असं काही तरी ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘ते आहेच. पण आमच्याकडे बाळाचं नाव ठेवताना, कुणी गेल्यावर, पूर्वजांना हाक मारताना श्नाप्स जमिनीवर ओततात. माझ्या वडिलांसाठी मी स्वतः ओतलीय. मला ही झाकणं बघून आधी ते आठवलं.’’

मी गप्प बसलो. युरोपियनांनी आणलेली दारू, आणि तीच आता पूर्वजांपर्यंत पोचायची वाट. माझ्या लूपमध्ये हे कुठे बसवायचं ते कळेना. अजूनही नीटसं कळलेलं नाही. खरं तर उसवून पुन्हा विणलेलं रेशीम म्हणजे हेच, पण ते मला तिथे सुचलं नाही, परतीच्या विमानात सुचलं.

तिथून मी पुलावरून नदी ओलांडली आणि सेंट पॉल्सच्या बाजूने चालत बार्बिकनला गेलो. पंचवीसेक मिनिटांचा रस्ता. कारण तीनच दिवसांपूर्वी, १० एप्रिलला, तिथे घानाच्याच दुसऱ्या कलाकाराचं काम उघडलं होतं. इब्राहिम महामा, जन्म १९८७, गाव तमाले, उत्तर घाना. हा माणूस आधी गाजला तो तागाच्या पोत्यांमुळे. कोकोची पोती. घानाचा कोको जगाला पुरवायला रिकामी पोती आशियातून येतात, बांगलादेश-भारताकडून. कोको झाला की त्यातच धान्य, मग कोळसा, आणि पार चिंध्या झाल्या की महामा ती गोळा करून एकमेकांना शिवायचा आणि इमारतींवर पांघरायचा. म्हणजे इथेही आपला ताग आहेच, पण तो वेगळा विषय.

बार्बिकनला मात्र पोती नव्हती. ‘पर्पल हिबिस्कस’ हे नाव, चिमामांडा अदिचीच्या कादंबरीवरून घेतलेलं. बार्बिकन म्हणजे काँक्रीट, काँक्रीट आणि काँक्रीट, तेही खरबरीत. त्याच्या तळ्याकाठच्या भिंतींवर सुमारे दोन हजार चौरस मीटर गुलाबी-जांभळं कापड चढवलं होतं. हातमागावरचं, हाताने शिवलेलं, तमालेच्या शेकडो लोकांनी केलेलं. एवढं कापड पसरायला जागा कुठे मिळणार, म्हणून तिथल्या फुटबॉल स्टेडियममध्ये शिवलं. आणि त्या कापडावर ठिकठिकाणी टाचलेले शंभरेक जुने झगे, बताकारी.

बताकारी म्हणजे उत्तर घानाचा अंगरखा, घेरदार. तोही अरुंद पट्ट्या जोडूनच शिवतात. ६ मार्च १९५७ ला अक्रामध्ये क्वामे एन्क्रूमांनी देश स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं तेव्हा त्यांच्या अंगात हाच अंगरखा होता, सूट नव्हता. महामाने घेतलेले झगे घराघरांतून आले होते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले, विरले तरी न टाकलेले.

टेटमध्ये हवा बंद होती, इथे वारा होता. काँक्रीटवर ते कापड सारखं हलत होतं, फुगून परत भिंतीला चिकटत होतं. रंग फोनमध्ये जवळजवळ किंचाळतो, प्रत्यक्षात ढगाळ उजेडात तो बराच समजूतदार होता. कठड्यापाशी उभं राहिलं की काही झगे अगदी स्पष्ट दिसत होते. एकाच्या बाहीला काखेत ठिगळ होतं, वेगळ्या रंगाच्या धाग्याने घातलेलं, टाके जरा वाकडे. घाईत घातलेलं असावं. कुणाला तरी दुसऱ्या दिवशी घालायचा असणार तो.

मी तिथे बराच वेळ थांबलो. मग पाऊस सुरू झाला आणि सगळे आत पळाले. कापड तिथेच भिजत राहिलं.

तर दुरुस्ती. भारतीय कापडाच्या त्या भागात, बाविसाव्या मिनिटाला, ‘आपलं कापड सोन्याच्या भावात जायचं’ या वाक्यानंतर मी आता साडेतीन मिनिटं नवीन घातली आहेत. त्यात १७०० चा कायदा आहे, गिने आहे, आणि तो सव्वा कोटींचा आकडा आहे. ज्यांनी तो भाग बाबांना पाठवला होता त्यांनी कृपया पुन्हा पाठवा. पुढच्या वेळी कवड्यांवर बोलू.